ट्रकचालकांसाठी : कामाचे तास, विश्रांती आणि खरी नोंदवही

हे पान पगारावर किंवा फेरीवर मालवाहू गाडी चालवणाऱ्या चालकांसाठी, त्यांच्या क्लीनरसाठी आणि घरच्यांसाठी आहे. गाडी कोल्हापूरची असो, इंदूरची, सुरतेची, बेळगावची किंवा हैदराबादची, येथे सांगितलेले केंद्रीय कायदे सगळीकडे तेच आहेत. राज्यानुसार बदलतात ते नियमांचे तपशील आणि कार्यालयांची नावे.

चालक सहसा विचारतात, "दिवसात किती तास गाडी चालवायला परवानगी आहे?" कायदा मात्र हा प्रश्न वेगळ्या रीतीने विचारतो. तो चालवण्याचे तास मोजत नाही, कामाचे तास मोजतो. स्टिअरिंगवर घालवलेला वेळ हा त्यातला एक भाग झाला. हा फरक लक्षात न आल्यामुळे पुष्कळ नोंदवह्या चुकीच्या लिहिल्या जातात आणि त्याचा तोटा आधी चालकालाच होतो.

कशाला काम म्हणतात

मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ मध्ये कामाच्या तासांची व्याख्या दिली होती. तीच व्याख्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये घेतली आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि तिने १९६१ च्या कायद्याची जागा घेतली. व्याख्येप्रमाणे गाडी धावत असतानाचा वेळ हे काम आहेच. त्याशिवाय गाडीशी किंवा मालाशी संबंधित जोडकामेही कामातच मोडतात. माल भरणे आणि उतरवणे, गाडीची देखभाल व दुरुस्ती, हिशेब देणे, पैसे जमा करणे, रजिस्टरवर सही करणे, गाडी ताब्यात घेणे आणि परत लावणे, हजेरीच्या जागेपासून गाडीपर्यंत जाणे ही सगळी जोडकामे आहेत. टर्मिनसवर १५ मिनिटांपेक्षा कमी वेळ नुसते थांबून राहावे लागले, तर तोही वेळ कामात धरला जातो.

मग तासन्‌तास थांबावे लागते त्याचे काय? बंदराच्या रांगेत, कारखान्याच्या फाटकाबाहेर, बाजार समितीच्या आवारात अर्धा दिवस जातो. येथे पाहायचे ते असे, की त्या वेळात तुम्ही खरोखर मोकळे होता का. गाडी लावून, किल्ली काढून, तुमच्या मर्जीने झोपायला किंवा जेवायला जाता आले, तर ती विश्रांती. दर दहा मिनिटांनी रांग सरकते म्हणून स्टिअरिंगवर बसून राहावे लागले, किंवा "कधीही नंबर लागेल, हलू नका" असे सांगितले गेले, तर तिला विश्रांती म्हणणे बरोबर नाही. या मुद्द्यावर मालक आणि चालक यांच्यात वाद होतात. म्हणून थांबलेला वेळ कसा गेला हे नोंदवहीत शब्दांत लिहून ठेवावे. नुसते "वेटिंग" असे लिहिले तर त्यातून काहीच कळत नाही.

मर्यादा किती

१९६१ च्या कायद्याने घालून दिलेले आकडे असे : दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास. अधिसूचित लांब पल्ल्याच्या मार्गांवर किंवा सणासुदीला, तेही सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीने, दिवसाला जास्तीत जास्त १० आणि आठवड्याला ५४ तास. सलग ५ तासांपेक्षा जास्त काम नाही. त्याआधी किमान अर्ध्या तासाची सुटी. एका दिवसाचे काम संपल्यापासून दुसऱ्या दिवशीचे सुरू होईपर्यंत सलग ९ तास विश्रांती. आठवड्यातून एक दिवस सुटी.

आणखी एक मर्यादा आहे. चालकांना ती फारशी माहीत नसते, पण सर्वांत उपयोगाची तीच आहे. सकाळी कामाला हात लावल्यापासून रात्री काम सुटेपर्यंतचा सगळा वेळ, मधल्या सुट्या धरून, १२ तासांच्या आत बसला पाहिजे. इंग्रजी कायद्यात याला ‘स्प्रेड-ओव्हर’ म्हणतात. याला एखादा जड पारिभाषिक शब्द करता आला असता, पण दिवसभराचा ‘पसारा’ म्हटले की अर्थ लगेच पोचतो, म्हणून येथे तोच शब्द वापरला आहे. थांबलेला वेळ कामात धरायचा की नाही यावर वाद होऊ शकतो. पसाऱ्यात मात्र तो येतोच.

नव्या संहितेतही दिवसाला ८ तासांची मर्यादा कायम आहे. त्यापुढच्या कामासाठी कामगाराची संमती लागते आणि मजुरी दुप्पट दराने द्यावी लागते. सुट्यांचे आणि पसाऱ्याचे आकडे ठरवण्याचे काम संहितेने सरकारांच्या अधिसूचनांवर आणि नियमांवर सोपवले आहे. खासगी ट्रकसाठी हे राज्य सरकार ठरवते. संहितेला विरोधी नसलेले जुने नियम बदल होईपर्यंत चालू राहतात. त्यामुळे तुमच्या जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात "मोटार परिवहन कामगारांसाठी सध्या कोणते नियम लागू आहेत" असे विचारून घ्या.

"आमच्या शेठकडे दोनच गाड्या आहेत"

१९६१ चा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या परिवहन व्यवसायाला लागू होता. नव्या संहितेत ही संख्या दहा आहे. एकदोन गाड्यांच्या मालकाकडे काम करणाऱ्या चालकाला वाटते की यातले काहीच आपल्याला लागू नाही.

असे मानू नका. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ९१ वेगळे आहे. परिवहन वाहन चालवण्यासाठी नेमलेल्या "कोणत्याही व्यक्तीचे" कामाचे तास १९६१ च्या कायद्यात दिल्याप्रमाणे असतील, असे ते सांगते. तेथे कामगारांच्या संख्येची अट घातलेली नाही. एखादा कायदा रद्द होऊन त्याच्या जागी नवा आला, तर जुन्याचा उल्लेख नव्यातल्या संबंधित तरतुदींचा समजायचा, हा सर्वसाधारण नियम आहे. त्यामुळे कलम ९१ निकामी होत नाही. याच कलमाखाली राज्य सरकार मालकाला चालकाचे तास आधी ठरवायला आणि त्यांची नोंद ठेवायला सांगू शकते. ठरलेल्या तासांबाहेर कोणीही काम करू नये आणि दुसऱ्याला करायला लावू नये किंवा करू देऊ नये, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे जबाबदारी फक्त चालवणाऱ्याची नाही. चालवायला लावणाऱ्याचीही आहे.

एक बदल येथे सांगायला हवा. पूर्वी नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन चालक असावेत आणि दुसऱ्याला आडवे होण्यासाठी मागे पूर्ण रुंदीचे आसन असावे, अशी अट केंद्रीय मोटार वाहन नियमांत होती. २०१८ मध्ये दोन चालकांची अट काढून टाकण्यात आली. आता पुष्कळ गाड्यांवर एकच चालक असतो आणि रात्री त्याच्या जागी बसणारा कोणी नसतो. तासांची मर्यादा पाळायची तर गाडी उभी करणे हाच मार्ग उरतो.

एक दिवस लिहून पाहू

समजा, तुम्ही सकाळी ७ वाजता भिवंडीच्या गोदामात हजर झालात. ११ पर्यंत माल भरला, ताडपत्री बांधली, रस्सी आवळली, बिल्टी घेतली. अर्धा तास जेवण. साडेअकराला निघून साडेचारपर्यंत गाडी चालवली. अर्धा तास चहा आणि पाय मोकळे करणे. पाच ते रात्री नऊ पुन्हा गाडी.

अनेक वह्यांत हा दिवस असा उतरतो : "११.३० ते ९.००, चालवले ९ तास." वाचणाऱ्याला वाटेल, दहाच्या आत आहे, सगळे ठीक आहे. प्रत्यक्षात भरण्याचे ४, मग ५, मग ४ असे १३ तास काम झाले. पसारा १४ तासांचा झाला. ८ तास दुपारी साडेतीनलाच पूर्ण झाले होते, १० तास संध्याकाळी ६ ला. १२ तासांचा पसारा ७ वाजता संपला होता. नऊ वाजता डोळे मिटू लागले तर त्यात नवल नाही, पण वहीप्रमाणे तुम्ही ताजेतवाने होता.

तोच दिवस खरा लिहिला तर असा दिसेल :

७.०० गोदामात हजर, गेट पास घेतला
७.०० ते ११.०० माल भरणे, ताडपत्री, बिल्टी (काम)
११.०० ते ११.३० जेवण (सुटी)
११.३० ते ४.३० गाडी चालवली (काम), कि.मी. सुरुवात व शेवट
४.३० ते ५.०० सुटी
५.०० ते ९.०० गाडी चालवली (काम)
एकूण काम १३ तास, पसारा १४ तास. शेरा : भरणे उशिरा झाले, मालकाला ६.०० वाजता फोन केला, गाडी पुढे न्या असे सांगितले.

शेवटची ओळ लिहायला बहुतेक चालक कचरतात. सगळ्यात महत्त्वाची ओळ मात्र तीच आहे.

खरे लिहिणे अवघड का जाते

याचे कारण आळस किंवा अज्ञान असते असे मानणे चालकांवर अन्याय करणारे आहे. पैसे फेरीवर मिळतात. गाडी एक दिवस जास्त लागली की महिन्याची एक फेरी हातची जाते. उचल आधीच घेतलेली असते. माल घेणारा उशिराबद्दल भाड्यातून पैसे कापतो आणि मालक ते चालकाच्या माथी मारतो. रस्त्याकडेला गाडी लावली तर डिझेल आणि माल चोरीला जाण्याची भीती असते. शिवाय "जास्त तास लिहिले तर तूच अडकशील" असे सांगणारेही भेटतात.

यातली शेवटची भीती सोडली तर बाकीच्या गोष्टी खऱ्या आहेत. या शेवटच्या भीतीबद्दल इतके लक्षात घ्या : तुमची वही हा आता एकटाच पुरावा नसतो. फास्टॅगवर प्रत्येक टोलनाक्याची वेळ नोंदलेली असते. ई-वे बिलावर तारीख असते, वजनकाट्याच्या आणि डिझेलच्या पावतीवर वेळ असते, बऱ्याच गाड्यांत जीपीएस असते. अपघात झाला तर तपास करणारे हे सगळे मागवू शकतात. वही त्यांच्याशी जुळली नाही तर खोटे लिहिणारा म्हणून तुम्ही उभे राहता, आणि जास्त तास चालवायला कोणी लावले हा प्रश्न मागे पडतो. संहितेत खोट्या नोंदींसाठी शिक्षेचीही तरतूद आहे.

उलट, उशीर तुमच्या हातात नसेल तर कायद्यात त्याला जागा आहे. गाडी बंद पडणे, वाहतूक खोळंबणे, नैसर्गिक आपत्ती अशा प्रसंगांसाठी १९६१ च्या कायद्यात अपवाद होता. आणीबाणी किंवा आधी न कळणाऱ्या उशिरासाठी सूट देण्याचा अधिकार कलम ९१ खाली राज्य सरकारला आहे. म्हणून कारण लिहा : "घाटात दरड, ३ तास रस्ता बंद." कारण न लिहिता फक्त तास कमी दाखवले तर या तरतुदीचा उपयोग होत नाही.

"ई-वे बिल संपेल, थांबू नको" हेही वारंवार ऐकू येते. साध्या मालासाठी ई-वे बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला किंवा उरलेल्या भागाला एक दिवस अशी मोजतात. १ जानेवारी २०२१ च्या आधी हे अंतर १०० किलोमीटर होते. भिवंडीहून कोलकात्याला साधारण १,९०० किलोमीटर धरले तर दहा दिवस मिळतात. रोज ३०० किलोमीटर चाललात तरी सातव्या दिवशी पोचता. त्यातूनही उशीर झाला तर मुदत संपण्याच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंत वाहतूकदाराला ती कारण देऊन वाढवून घेता येते. घाई ई-वे बिलाची नसते, बहुतेक वेळा माल घेणाऱ्याची असते. दोन्हींत गल्लत होऊ देऊ नका.

वही कशी ठेवावी

जुन्या कायद्याखालच्या काही राज्यांच्या नियमांत मालकाने प्रत्येक चालकाला स्वतंत्र नोंदपुस्तिका देण्याची तरतूद होती. मालक देत असेल तर तीच वापरा. देत नसेल तर साधी दोनशेपानी वही चालते. पानांना आधीच क्रमांक घाला, म्हणजे पान फाडल्याचा आरोप होणार नाही. पेनाने लिहा, पेन्सिलने नको. चूक झाली तर खोडरबर किंवा पांढरा रंग न वापरता एक आडवी रेघ मारून बाजूला दुरुस्ती आणि सही करा. नोंद त्या त्या थांब्यावर करा. रात्री आठवून लिहिलेली वही सगळी गोल आकड्यांची होते आणि पाहणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येते.

गेट पासवर आत आल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ टाकून घेण्याचा आग्रह धरा. भरण्या-उतरवण्याला किती वेळ गेला याचा यापेक्षा चांगला कागद नाही, आणि हॉल्टिंगचे पैसे मागतानाही तोच कामाला येतो. फास्टॅगचा संदेश बहुधा मालकाच्या मोबाईलवर जातो, त्यामुळे नाक्याचे नाव आणि वेळ स्वतः लिहा. रात्री पानाचा फोटो काढून घरी पाठवा. वही हरवली तरी फोटो राहतो, तारखेसह.

लिहिणे जड जात असेल तर क्लीनरकडून लिहवून घ्या आणि खाली सही किंवा अंगठा तुमचा ठेवा. तेही शक्य नसेल तर घरच्या माणसाला प्रत्येक थांब्यावर बोलून संदेश पाठवा. फोनवर वेळ आपोआप पडते.

मालकाशी बोलताना भांडण्यापेक्षा आधी कळवणे बरे. "शेठ, सकाळी ७ पासून कामावर आहे. ६ ला दहा तास होतात. पुढच्या पंपावर गाडी लावतो, पहाटे ४ ला निघतो." एवढा संदेश पुरतो. मालकाला कळेल त्या भाषेत पाठवा. उत्तर काहीही आले तरी तो संदेश पुसू नका.

गाडी कुठे लावायची

सांगणे सोपे, सुरक्षित जागा मिळणे कठीण, ही तक्रार रास्त आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी राष्ट्रीय महामार्गांवर चालकांसाठी पहिल्या टप्प्यात १,००० विश्रांतीस्थाने उभारण्याची घोषणा केली. सरकारी तेल कंपन्यांच्या काही पंपांवर ‘अपना घर’ नावाची सोय आहे. तेथे झोपायला खाटा, आंघोळीची जागा, शौचालय, पिण्याचे पाणी, ढाबा आणि स्वतः स्वयंपाक करण्याची जागा असते. ‘अपना घर’ मोबाईल अ‍ॅपवरून जागा पाहता येते. दर आणि अटी निघण्याआधी पंपावर फोन करून विचारा, कारण पोचल्यावर खाट रिकामी नाही असे कळले तर पुन्हा गाडी हाकावी लागते. महामार्गावर गाडी अडली, अपघात झाला किंवा रस्त्याबद्दल तक्रार असेल तर १०३३ वर फोन करा.

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ३.५ टनांवरील मालवाहू गाड्यांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे आहे. जुन्या गाड्यांना ही सक्ती नाही, आणि रस्त्यावर आज बहुतेक गाड्या जुन्याच आहेत. केबिन थंड असली तरी तासांची मर्यादा बदलत नाही.

अपघात झाला तर

रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे गेली. नियमभंगाच्या तक्त्यात अतिवेग, दारू, विरुद्ध दिशेने चालवणे, सिग्नल तोडणे, मोबाईल यांचे आकडे वेगळे दिले आहेत. झोपेचा वेगळा रकाना त्यात नाही. थकून झालेला अपघात कागदावर "चालकाचा निष्काळजीपणा" म्हणून उतरण्याचा धोका राहतो. किती तासांपासून कामावर होता हे दाखवणारा कागद जवळ नसेल तर तो शेरा बदलणे फार अवघड जाते.

जखमीला ५ मे २०२५ पासून लागू असलेल्या योजनेत अपघाताच्या दिवसापासून ७ दिवसांपर्यंत, १.५ लाख रुपयांपर्यंत विनारोकड उपचार नियुक्त रुग्णालयांत मिळतात. चालकालाही मिळतात, चूक कोणाची हे त्यासाठी पाहिले जात नाही. तातडीच्या मदतीसाठी ११२. कामावर असताना इजा किंवा मृत्यू झाला तर मालकाकडून भरपाई मागण्याचा हक्क वेगळा आहे. दावा साधारणपणे दोन वर्षांच्या आत करावा लागतो. घरच्यांना वही कुठे असते हे माहीत असू द्या. फोटो त्यांच्या फोनवर असतील तर आणखी चांगले.

तक्रार आणि नोंदणी

जादा कामाचे पैसे, साप्ताहिक सुटी किंवा भरपगारी रजा मिळत नसेल तर तक्रार जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात करा. भरपगारी रजेसाठी नव्या संहितेत वर्षात १८० दिवस काम पुरते, आणि दर २० दिवसांमागे एक दिवस रजा मिळते. हे दिवस मोजायलाही वहीच लागते. नेमणूकपत्र मागून घ्या, संहितेप्रमाणे ते देणे मालकावर बंधनकारक आहे. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

भविष्य निर्वाह निधी किंवा ईएसआय नसलेल्या, प्राप्तिकर न भरणाऱ्या १६ ते ५९ वयाच्या चालकांनी आणि क्लीनरनी ई-श्रम पोर्टलवर विनाशुल्क नोंदणी करावी. चौकशीसाठी १४४३४. बँकेत खाते असेल तर १८ ते ७० वयात वर्षाला २० रुपये भरून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत २ लाख रुपयांचे अपघाती संरक्षण घेता येते. वारसाचे नाव लिहिताना ते आधार कार्डावर आहे तसेच लिहा.

तक्रारीला जाताना सोबत न्या : वही आणि पानांचे फोटो, मालकाला पाठवलेले संदेश, गेट पास, टोल व डिझेलच्या पावत्या, नेमणूकपत्र किंवा पगार जमा झाल्याचे बँकेचे विवरण, वाहन परवाना आणि आधार. मूळ कागद कोणाकडे ठेवू नका. प्रत द्या आणि पोच घ्या.